आगोटीतला डोंगर

नवी ताडपत्री उलगडली की तिच्या घडीतून एक वास सुटतो. थोडा रॉकेलचा, थोडा रबराचा, थोडा उन्हात तापलेल्या ट्रकचा. मे महिना उतरणीला लागला की हा वास माझ्या दुकानात मुक्कामाला येतो आणि रात्री माझ्या केसांतून घरी जातो. लोकांचा मे महिना आंब्याचा असतो, मोगऱ्याचा असतो. माझा निळ्या प्लास्टिकचा. विरार पूर्वेला, मनवेलपाड्याच्या तोंडाशी माझं दुकान आहे. ताडपत्री, प्लास्टिकचा कागद, रेनकोट, छत्र्या, सुतळी, नायलॉनची दोरी. बाकीचं वर्ष मी पंख्याखाली बसून असते आणि ह्या थोड्या दिवसांत वर्षभराचं कमावते.

आमच्या किनाऱ्यावर ह्या दिवसांना आगोट म्हणतात. पावसाआधीचे दिवस म्हणजे आगोट, आणि त्या दिवसांत घरात जे भरून ठेवायचं तेही आगोट. अर्नाळ्याला दोऱ्यांवरचे बोंबील उतरवून टोपल्यांत दाबले जातात. गावांतून मसाल्याच्या गिरण्या दिवसभर खोकतात. चाळींवर माणसं चढून पत्र्यांची भोकं डांबराने बुजवतात. चंदनसारच्या नव्या इमारतींतून बायका येतात, गच्चीचं पाणी भिंतीतून झिरपतं म्हणून बिल्डरला शिव्या घालत. एव्हरशाईन सिटीतल्या लोकांना पारदर्शक कागद हवा असतो, म्हणजे गॅलरीत पाणी येऊ नये पण उजेड यावा. सगळ्यांना हवं असतं ते शेवटच्या क्षणी, आभाळ पांढुरकं झाल्यावर, आणि स्वस्त.

मी स्वस्त देत नाही. माझी ख्याती आहे तशी. भाव करताना मी गिऱ्हाईकाच्या पाकिटाकडे बघत नाही, त्याच्या शब्दांकडे बघते. नवरा-बायको येतात. बायको म्हणाली, "आपल्या गॅलरीला हे पुरेल का हो?" की माल विकला गेला, नवरा पुढे कितीही ताणो. ती म्हणाली, "तुमच्याकडे दुसरा रंग नाही का?" की समजायचं, ही अजून पायरीवरच उभी आहे. 'आपलं' आणि 'तुमचं' ह्या दोन शब्दांवर माझं दुकान उभं राहिलं. शाळेतलं व्याकरण एवढंच माझ्या उपयोगी पडलं.

यंदाही आगोट आली. मी भांडते आहे, आवाज चढवते आहे, माल फिरतो आहे. पण आत काही हलत नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला नसल्यासारखा होतो. चिमटा काढला तरी तो कुणा दुसऱ्याला काढल्यासारखा वाटतो. गेल्या आगोटीपासून मी सगळीच्या सगळी तशी आहे. वाटलं होतं, राग येईल. राग मला जवळचा आहे, त्याच्यावरच मी इथवर आले. तो येऊन बसलाही. पण विझलेल्या चुलीसारखा. हात घातला तरी भाजत नाही.

आम्ही तिघी. सुमन अर्नाळ्याची, कोळ्यांच्या घरातली. मेबल वसईची, गावातली, ख्रिस्ती. तिच्या घरामागे केळीची आणि सोनचाफ्याची वाडी. मी मनवेलपाड्याच्या चाळीतली, नाव शालन. वसईच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर आलो. पहिल्याच वर्षी माझे वडील गेले आणि कॉलेज सुटलं. मी स्टेशनबाहेर चादर पसरून छत्र्या विकायला बसले. त्या मे महिन्यात एका दुपारी माझ्या चादरीपुढे दोन जोडी पाय येऊन उभे राहिले. मी न बघताच भाव सांगितला.

"छत्री नको," मेबलचा आवाज. "कॉलेजची सहल कामणदुर्गावर चाललीय. तू कॉलेजात नाहीस, पण सहलीत आहेस."

"धंदा कोण करणार?"

"एका सकाळीनं तुझ्या छत्र्या काय रडनार हायत?" सुमन म्हणाली.

गेले. कॉलेज सुटलं ते सुटलंच, डोंगर सुटला नाही. त्यानंतर दर आगोटीत, पाऊस लागायच्या आत, एक पहाट आमची. तेव्हा सुमनच्या घरच्या होड्या किनाऱ्यावर ओढून झालेल्या असायच्या. मेबल पुढे शाळेत शिकवायला लागली, तिला सुट्टी असायची. आणि माझे मात्र ऐन धंद्याचे दिवस. एक सकाळ दुकान उशिरा उघडणं मला कधीच परवडलं नाही. मी कुणाला सुतळीचा तुकडासुद्धा फुकट देत नाही. ती सकाळ मात्र द्यायचे, आणि देताना कुरकुरायचे. कुरकुर ऐकायला दोघींना आवडायचं.

अंधारात निघायचं. आधी रिक्षाने, मग माझा टेम्पो झाल्यावर टेम्पोने. कामणपर्यंतचा रस्ता ट्रकांच्या धुळीने भरलेला, पण पायथ्याच्या पाड्याजवळ इंजिन बंद केलं की एकदम शांतता व्हायची. एखाद्या झाडावर काजवे असायचे, सगळं झाड श्वास घेतल्यासारखं उजळायचं आणि मिटायचं. पाड्यातला कुत्रा थोडा वेळ सोबत यायचा आणि आपली हद्द संपली की परत फिरायचा. मग कोरडा ओढा. त्यातले मोठमोठे धोंडे रात्रीही कोमट असत. धोंड्यांवरून हात टेकत वर, पुढे कारवीच्या काटक्यांतून वाट, अंगाला ओरखडे, घामावर बसलेली धूळ. उजाडताना करवंदीच्या जाळ्या दिसू लागत. सुमन चालता चालता तोडून खायची आणि आम्हाला आंबट निघालेली द्यायची.

माथ्याच्या खाली एक कातळटप्पा आहे. चार हातापायांनी चढावा लागतो. चढताना मेबल सगळ्यांत पुढे. उतरताना मात्र ती त्याच्या तोंडाशी बसकण मारायची आणि डोळे मिटायची. मग माझं काम सुरू व्हायचं. मी आधी खाली उतरून हात वर करून उभी राहायचे.

"एक पाय दे."

"नाही देणार."

"बरं, अर्धा दे. नुसता अंगठा ठेव त्या खाचेत."

"अंगठा दिला की तू पाय मागशील."

"नाही मागणार. शपथ."

"कुणाची?"

"सुमनची."

"माझी का गो?" सुमन खालून ओरडायची. "माझी पोरं ल्हान हायत!"

सुमनची पोरं मोठी झाली, एकाची होडी झाली, तरी ती हेच ओरडायची. आणि मेबल हसता हसता अंगठा द्यायची, मग पाय, मग दुसरा पाय. एकेक खाच मी तिच्याकडून घासाघीस करून मिळवायचे. खाली पोहोचली की ती माझ्या पाठीत धपका घालायची. "लुटलंस मला."

माथ्यावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. त्याच्या कडेला मी प्लास्टिकचा कागद पसरायचे. रोलच्या शेवटी उरलेला, विकता न येणारा. सुमन तांदळाची भाकरी आणि बोंबलाची चटणी आणायची. मेबल सुकेळी आणायची, तिच्या वाडीतली राजेळी केळी उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या सोपात बांधलेली. त्यांचा रंग जुन्या मधासारखा आणि चव अशी की बोलणं थांबायचं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे मिठागरांचे चौकोन आणि त्या चौकोनांकडे दरवर्षी थोड्या थोड्या सरकत येणाऱ्या इमारती. मी त्या इमारतींकडे बघून गिऱ्हाइकं मोजायचे. सुमन समुद्राकडे बघायची. वारा कुठून आहे, पाणी कुठल्या रंगाचं आहे, हे ती एका नजरेत सांगायची आणि मग पाय लांब करून पडायची. मेबल आम्हा दोघींकडे बघायची. हे मला तेव्हा कळायला हवं होतं की ती आमच्याकडे बघते. मी इमारतींकडे बघत होते.

गेल्या आगोटीत सुमनचा फोन आला. "परवाचं ठरलं होतं ना? परवा नको. उद्याच. दर्यात कायतरी शिजतंय." बातम्यांतही वादळाचं सांगत होते. दुकानात माणसांची झुंबड होती, मी नाही म्हणणार होते. पण मागून मेबलचा आवाज आला, ती सुमनच्याच घरी होती. "शालू, ये गो. ह्या वर्षी नको चुकवू."

'ह्या वर्षी' हा शब्दही मी तेव्हा तोलला नाही.

ती पहाट वेगळी होती. काजवे नव्हते. कुत्रा आला नाही. कारवीच्या काटक्या नेहमी खुळखुळतात, त्या गप्प. वारा मेला होता. घाम अंगावरून ओघळायचा नाही, नुसता जागच्या जागी साचायचा. उजाडलं ते तांब्याच्या रंगात. सुमन सारखी थांबून मान वळवत होती, समुद्र अजून दिसत नव्हता तरी. "पाय उचला," ती म्हणत होती. "वर जायाचं, खायाचं, उतरायाचं. गप्पा खाली."

माथ्यावर मेबलने आम्हा दोघींचा फोटो काढला. मी म्हटलं, ये, तिघींचा काढू. ती म्हणाली, असू दे. मग सुकेळी सोडली. नेहमीपेक्षा बरीच जास्त. माझ्या हातात दोन कोंबली, पिशवीत आणखी टाकली. मी खाऊ लागले आणि तिने सहज, भाकरी मोडता मोडता म्हटलं,

"पुढच्या वर्षी तुम्ही जरा आधीच या. इतकं वादळाच्या तोंडावर नको."

मी चावायची थांबले.

'आपण जरा आधीच येऊ' असं म्हणायला हवं होतं. एवढी वर्षं तेच म्हणत आलोय. मी सुमनकडे बघितलं. सुमन समुद्राकडे बघत होती, आणि तिच्या मानेवरून मला कळलं की हिला सगळं ठाऊक आहे.

"कुठे चाललीस?" मी मेबलला विचारलं.

"टोनीकडे." टोनी तिचा मुलगा, कॅनडात असतो.

"किती दिवस?"

तिने भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला.

"मेबल, किती दिवस?"

"आम्ही नवरा-बायको कायमचेच जातोय, शालू. घर बंद करतोय."

"ठरलं कधी?"

"नाताळात."

"आणि हिला कधी सांगितलंस?"

"तेव्हाच."

नाताळापासून मे महिन्याच्या टोकापर्यंत. मधल्या काळात ती माझ्या दुकानात आली होती, चहा प्यायली होती, माझ्या पायाच्या दुखण्यावर तेल देऊन गेली होती. अर्नाळ्याला ठाऊक, चर्चमध्ये ठाऊक, तिच्या गावातल्या पाववाल्याला ठाऊक. मला नाही.

मी भांडले नाही. भाव सुरू केला. मला तेवढंच येतं. म्हटलं, सहा महिने जा, सहा महिने ये. म्हटलं, तिथला हिवाळा तुझ्या गुडघ्यांना मानवणार नाही, हिवाळ्यात इथे, उन्हाळ्यात तिथे. वाडीला पाणी कोण घालणार? मी माणूस लावते. घर मी उघडून ठेवते, दर रविवारी. एक वर्ष थांब, फक्त एक वर्ष, मग मी बोलणार नाही. बरं, वर्ष नको, हा पाऊस थांब. बोलता बोलता मला तिच्या डोळ्यांत ते दिसायला लागलं, जे गिऱ्हाईक नमतं तेव्हा दिसतं. पापणी एकदा जास्त लवते. मी अजून थोडा जोर लावला असता तर झालं असतं.

मेबलने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"हेच," ती म्हणाली. "हेच गो शालू. म्हणूनच तुला सांगितलं नाही. तू मागत राहतेस आणि मी देत राहते. अंगठा दे, पाय दे. ह्या वेळी मला जायचंय. नातवाला मी अजून मांडीवर घेतलेलं नाही. तुला सांगितलं असतं तर तू मला थांबवलं असतंस, आणि मी थांबले असते."

"बायांनो, उठा," सुमन म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता. "भांडान खाली जाऊन करा. तो बघा."

समुद्र आणि आभाळ ह्यांच्या मधली रेघ गेली होती. तिच्या जागी राखेसारखी एक भिंत होती आणि ती आमच्याकडे येत होती. मी कागद गोळा केला. माझे हात कागदाची घडी नीट घालत होते, कोपऱ्याला कोपरा लावून, जसं काही दुकानात आहे.

कातळटप्प्यावर मी सवयीने आधी उतरले, वळले आणि हात वर केले. मेबल तोंडाशी आली. बसली नाही. डोळे मिटले नाहीत. कातळाकडे तोंड करून तिने स्वतःच पाय खाली सोडला, खाच चाचपली, वजन टाकलं. मग दुसरा. हळू, पण न थांबता. मागायला काही उरलंच नव्हतं. तिची साडी माझ्या बोटांना घासून गेली. ती खाली पोहोचली, पदर खोचला आणि पुढे चालू लागली. माझे हात अजून वर होते.

तिला उतरता येत होतं. कधीपासून येत होतं, हे मी विचारलं नाही.

मग वारा सुटला. एकदम, कुणी दार लोटल्यासारखा. पाचोळा, धूळ, कारवीच्या मोडलेल्या काटक्या. ओढ्यातून आम्ही जवळजवळ घसरतच आलो. मी दोघींना वाटेत सोडलं आणि दुकान उघडलं. रस्त्यावर माणसं पळत होती, पत्रे वाजत होते, आणि माझ्यापुढे हातच हात. त्या दिवशी मी जे विकलं ते कधी विकलं नव्हतं. एकालाही भाव उतरवून दिला नाही. संध्याकाळी गोदाम रिकामं झालं तेव्हा मी रिकाम्या रॅककडे बघत बसले आणि माझ्या लक्षात आलं की मला काही वाटत नाहीये.

ती पावसाळ्यात गेली. मी भेटायला गेले नाही. सुमन पोचवायला गेली, विमानतळावरून सुमननेच फोन लावला, मी उचलला नाही.

माझी तक्रार जाण्याबद्दल नाही. पोराकडे कुणीही जातं. वसईच्या गावांत फिरलं तर कितीतरी घरांना कुलपं दिसतील, अंगणात सोनचाफा आपला आपण गळतो आहे. तक्रार ही आहे की मला समोर बसू दिलं नाही. मी हरले असते तर हरले असते. धंद्यात मी रोज कुठे ना कुठे हरते. पण ती म्हणाली ते खरं होतं, मी हरले नसते. खरं बोललेल्या माणसावर राग धरता येत नाही. म्हणून मी तो सुमनवर धरला. एवढे महिने जिच्या पोटात गोष्ट राहिली, तिच्यावर. तिच्याशी बोलणं तुटलं नाही, नुसतं आखडलं. सणाला फोन, कुणाच्या लग्नात नमस्कार.

मेबल आवाजाचे मेसेज पाठवते. बर्फ पडलंय, नातू मराठीत 'पाणी' म्हणाला, इथली केळी लाकडासारखी लागतात. दुकानात गर्दी असते, मी ते दुप्पट वेगाने ऐकते. तिचा आवाज बारीक आणि घाईचा होतो, भलत्याच बाईचा वाटतो. उत्तरादाखल मी एका फुलाचं चित्र पाठवते.

काल दुपारी सुमन दुकानात आली. आभाळाचा रंग सकाळपासून उतरला होता. माझ्यासमोर एव्हरशाईनच्या एक बाई पारदर्शक कागदावरून वाद घालत होत्या, मागे आणखी चारपाच जण. सुमन गिऱ्हाइकांसारखी रांगेत उभी राहिली. नेहमी सरळ आत येऊन गल्ल्याशेजारी बसणारी सुमन. त्यानेच माझं डोकं फिरलं.

तिची पाळी आली. "बोला," मी म्हणाले.

"बोला?" तिने इकडेतिकडे बघितलं. "मी काय तलाठी हाय? व्हडीवर टाकाया कागद दे."

रांगेतले लोक हसले. मी कागद मापला, कापला, गुंडाळला. ती बघत होती.

"उद्या पहाटे येतेस काय?" तिने विचारलं. "परवापासून वारा फिरनार."

"मला जमणार नाही. धंद्याचे दिवस आहेत."

"बरं," ती म्हणाली. गुंडाळी काखेत मारली आणि पायरी उतरली.

गिऱ्हाईक पायरी उतरलं की बोलवायचं नसतं. त्याच्या पाठीकडे बघत राहायचं. नाटक करणारं विजेच्या खांबापाशी मंद होतं, चप्पल नीट करतं, मागे बघतं. तेव्हाही गप्प बसायचं. जो आधी बोलेल तो गेला. मी सुमनच्या पाठीकडे बघत होते. खांब गेला. ती मंद झाली नाही. उसाच्या रसाची गाडी गेली. सुमनला नाटक कधी करताच आलं नाही. ती खरीच चालली होती, रिक्षाच्या रांगेकडे, आणि मला पहाटे उठवून कुठे चल म्हणणारं ह्या जगात ते एवढंच माणूस उरलं होतं.

"ताई, मग ह्याचं फायनल काय?" एव्हरशाईनच्या बाईंनी विचारलं.

"सुमन!" मी ओरडले. बाजारातला आवाज. अख्खा रस्ता थांबून बघू लागला.

ती वळली. "काय?"

"परत विचार."

"काय परत विचारू? नाय म्हनालीस ना?"

"एकदाच विचारतात का? लोक चार वेळा विचारतात, ओढून नेतात!"

"ते तुला येतंय," ती रस्त्याच्या पलीकडून ओरडली. मधून एक टेम्पो गेला, तो जाईपर्यंत ती थांबली. "मला नाय येत. मला एकदाच विचाराया येतंय. येनार काय नाय, बोल. ऊन लागतंय."

दुकानातले सगळे माझ्याकडे बघत होते. मी गल्ल्यावर दोन्ही हात टेकले.

"येते," मी म्हणाले. "पण मी अजून रागावलेली आहे तुझ्यावर."

"मग रागावलेलीच ये," सुमन म्हणाली. "पन टेम्पो तू आन."